बेडकाच्या कवटीचं रूपांतर, बोटांखाली: एका प्रतिकृती-संचाचं परीक्षण

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. पृष्ठवंशीय प्राण्यांची तुलनात्मक शरीररचना शिकवणाऱ्या कुणीही हा संच घ्यावा. त्यातल्या बेडकाच्या सात कवट्यांच्या तोडीचं शिकवण्याचं साधन माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मात्र सोबतच्या पुस्तिकेतलं उत्क्रांतीचं प्रकरण विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, आणि सॅलॅमँडरच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या उभयचर नातलगाच्या) कवट्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बेडकाच्या रांगेत मांडू नयेत. निर्मात्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्रुटी मी त्यांना कळवल्या आहेत, त्यांनी त्या मान्य करून दुरुस्तीचं काम हाती घेतलं आहे, आणि एवढ्या कष्टाच्या कामावर पहिल्याच आवृत्तीवरून शिक्का बसू नये असं मला मनापासून वाटतं.

संचात त्रिमितीय छपाईच्या अकरा प्रतिकृती आहेत. त्यातल्या सात युरोपातल्या सामान्य बेडकाच्या, राना टेम्पोरेरियाच्या. गॉस्नर यांनी १९६० साली बेडकाच्या वाढीचे ४६ टप्पे मांडले. त्यातले ३६, ४०, ४२, ४३, ४४ आणि ४६ हे सहा टप्पे आणि सातवी कवटी पूर्ण वाढलेल्या बेडकाची. उरलेल्या चारांत सॅलॅमँडरच्या डिंभाची, म्हणजे रूपांतराआधीच्या पिल्लाची, एक, त्याच जातीची रूपांतरानंतरची एक, कोकी बेडकाच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाची एक आणि देवगांडुळाची, म्हणजे बिनपायाच्या उभयचराची, एक. खालचा जबडा आणि कल्ल्यांचा सांगाडा लोहचुंबकाने जोडलेले असल्यामुळे ते काढून पुन्हा बसवता येतात. कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीत असतं तसं लवचिक मऊ हाड, निळ्या रंगात; खरं हाड लाल.

हे दोन रंग प्रयोगशाळेतूनच आलेले आहेत. मी स्वतः वर्षानुवर्षं बेडूकमाशांचे नमुने रंगवत आले आहे: अल्शियन ब्लूने कूर्चा निळी होते, अ‍ॅलिझरिनने हाड लाल होतं, मधल्या मांसाला ट्रिप्सिनने हळूहळू पारदर्शक करायचं आणि शेवटी नमुना ग्लिसरीनमध्ये ठेवायचा. असा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणा दिसतो. पण तो जेमतेम नखाएवढा असतो, त्याला हात लावता येत नाही, आणि एका वेळी एकालाच पाहता येतो. वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत पाळी येते तेव्हा पहिल्याने काय पाहिलं ते त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. त्यामुळे तोच नमुना दहापट मोठा होऊन टेबलावर आला याचं मोल माझ्या लेखी मोठं आहे.

छपाईमागचं काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. साध्या सीटी स्कॅनमध्ये फक्त हाड दिसतं, आणि बेडूकमाशाच्या डोक्यात बराच काळ हाड जवळजवळ नसतंच. ३६ व्या टप्प्यातलं डोकं साध्या स्कॅनमध्ये पाहिलं तर पडद्यावर काहीच हाती लागत नाही. मऊ ऊतक आणि कूर्चा दिसण्यासाठी नमुना आयोडीनसारख्या क्ष-किरण शोषणाऱ्या द्रव्यात मुरवावा लागतो आणि मग प्रत्येक कूर्चेची कड एकेका छेदावर हाताने रेखावी लागते. या मंडळींनी ते केलेलं आहे, आणि ते प्रतिकृतीत जाणवतं. कर्णसंपुटाच्या, म्हणजे आतल्या कानाभोवतीच्या डबीच्या, खिडकीची कड गुळगुळीत करून टाकलेली नाही. टाळूच्या बाजूने मेंदूपेटीच्या तळातलं छिद्रही सोडलेलं आहे, आणि ते छिद्र पॅरास्फेनॉइड हाड खालून कसं झाकत जातं हे पुढच्या प्रतिकृतींत पाहता येतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. बेडूकमाशाचं डोकं म्हणजे बेडकाचं अपुरं राहिलेलं डोकं नव्हे. ते दुसऱ्याच धंद्याचं, आपल्या जागी पूर्ण असलेलं डोकं आहे. ३६ क्रमांकाची प्रतिकृती हातात घेतली की हे वेगळं पटवावं लागत नाही. जबड्याचा सांधा डोळ्याच्याही पुढे, जवळजवळ थुंतरीपाशी, म्हणजे तोंडाच्या टोकाशी, आहे. सांध्याला आधार देणारी पॅलॅटोक्वाड्रेट ही कूर्चा मेंदूपेटीच्या कडेने लांबलचक आडवी पसरलेली आहे आणि पुढच्या टोकाला मेंदूपेटीशी जोडलेली आहे. खालच्या जबड्यातली मेकेलची कूर्चा एवढी आखूड की नवख्याला ती जबडा वाटतच नाही; ती जवळजवळ आडवीच बसलेली असते. तिच्या पुढे इन्फ्रारोस्ट्रल आणि वर सुप्रारोस्ट्रल या दोन कूर्चा. प्रौढ बेडकात सुप्रारोस्ट्रल शोधूनही सापडत नाही.

या सगळ्याचा उपयोग कळतो तो खालची चौकट, म्हणजे कल्ल्यांचा सांगाडा, बसवल्यावर. तोंडाच्या तळातल्या, दोन्ही बाजूंच्या सेरॅटोहायल कूर्चा रुंद आणि दणकट आहेत आणि पॅलॅटोक्वाड्रेटच्या खालच्या अंगाला सांध्याने टेकलेल्या आहेत. पॅलॅटोक्वाड्रेटवर बाहेरच्या बाजूने एक उंच पंख उभा आहे. तिथून निघालेला स्नायू सेरॅटोहायलच्या बाहेरच्या टोकाला वर ओढतो. टोक वर गेलं की सांध्यावर तरफेसारखं फिरून आतलं अंग खाली जातं, मग दुसरे स्नायू ते पुन्हा वर उचलतात, आणि तोंडाचा तळ आळीपाळीने खाली-वर होतो. पाणी आत येतं, मागे ढकललं जातं, कल्ल्यांच्या जाळीतून जाताना त्यातलं अन्न अडतं आणि पाणी बाहेर पडतं. बेडूकमासा श्वास घेतो तेव्हाच जेवतो. संचातल्या चौकटीवर बोट ठेवून हलकं दाबलं की ही हालचाल प्रत्यक्ष करून पाहता येते. निर्मात्यांनी सांधा खरोखर हलता ठेवला आहे, आणि या एका गोष्टीसाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

मग बदल सुरू होतो. गॉस्नर यांच्या सारणीत शेवटचे टप्पे ओळखायची एक सोपी खूण आहे: तोंडाचा कोपरा कुठे आहे ते पाहा. ४२ मध्ये तो नाकपुडीच्या पुढे असतो. ४३ मध्ये नाकपुडी आणि डोळ्याचा मध्य यांच्या दरम्यान. ४४ मध्ये डोळ्याच्या मध्यापासून मागच्या कडेपर्यंत कुठेतरी. त्यानंतर तो डोळ्याच्या मागच्या कडेशी येतो आणि ४६ मध्ये शेपटी संपलेली असते. बाहेरून दिसणाऱ्या या खुणेच्या आत काय घडतं ते या चार कवट्या दाखवतात. एका टेबलावर त्या ओळीने ठेवा, थुंतरीची टोकं एका रेषेत आणा आणि जबड्याच्या सांध्यावर पेन्सिलीने खूण करत जा. सांधा प्रत्येक पावलाला मागे सरकतो, आणि मागे सरकताना पॅलॅटोक्वाड्रेट आडवी होती ती फिरून खाली-मागे कलते. पुढची जोडणी सुटते, उंच पंख खचतो, मेकेलची कूर्चा लांबत जाऊन कमानीसारखी वाकते. दाराची बिजागरी दार वापरात असतानाच उखडून चौकटीच्या दुसऱ्या टोकाला बसवावी तसं हे काम आहे. फरक एवढाच की बेडूक त्या दिवसांत दार वापरतच नाही: या काळात तो खात नाही, लांब आतडं आखडत असतं, आणि शेपटीतला साठा त्याला पुरतो.

इथेच हा संच बाकीच्या साधनांहून पुढे जातो. बहुतेक तक्ते आणि नमुने बेडूकमाशाचं डोकं आणि बेडकाचं डोकं शेजारी ठेवून मोकळे होतात. विद्यार्थी समजतो की एक दुसऱ्यात फुगत गेलं असावं. मधले ४३ आणि ४४ हातात आल्यावर त्याला कळतं की यातलं काही विरतं, काही वळतं, काही नव्याने उगवतं आणि हे सारं एकाच वेळी चालतं. इन्फ्रारोस्ट्रल विरत नाही, ती हनुवटीच्या टोकाचा भाग होऊन राहते. सुप्रारोस्ट्रल मात्र नाहीशी होते आणि तिच्या जागेच्या आसपास प्रीमॅक्सिला आणि मॅक्सिला ही वरच्या जबड्याची लाल हाडं दिसू लागतात. एवढी रुंद, दणकट सेरॅटोहायल बारीक होत जाऊन जिभेच्या आधाराचा एक नाजूक दांडा बनते. एकाच कूर्चेचा हा प्रवास चार कवट्यांत बोटाने मोजता येतो.

लाल रंगाची वाटचालही नीट दाखवली आहे. ३६ पूर्ण निळी. ४० मध्ये तीन ठिकाणी लाल: टाळूतली पॅरास्फेनॉइड, डोक्यावरची फ्रंटोपॅरायटल, आणि मागे मानेच्या सांध्यापाशी एक्सऑक्सिपिटल. बहुतेक बेडकांत हाडं बनण्याची सुरुवात याच तीन जागी होते, म्हणजे आधी मेंदूचं आवरण. जबड्याची हाडं शेवटच्या धांदलीत येतात, आणि वरच्या जबड्यातले दात त्याहूनही उशिरा. प्रौढाच्या प्रतिकृतीत दात आहेत, खालच्या जबड्यात नाहीत, आणि तेच बरोबर आहे. बेडकांच्या हजारो जातींत खालच्या जबड्यात खरे दात असणारी एकच जात ठाऊक आहे, दक्षिण अमेरिकेतला गॅस्ट्रोथेका गुएंथेरी. दात गमावणं मात्र बेडकांत फार वेळा घडलेलं आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ते वीसहून जास्त वेळा स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं.

आता उणिवा. पहिली मला सर्वांत जास्त बोचते. बेडूकमाशाच्या तोंडाशी केराटिनची (आपली नखं ज्याची असतात त्या द्रव्याची) काळी चोच असते आणि ओठांवर केराटिनच्याच बारीक दातांच्या ओळी. शेवाळ खरवडतात ती ही हत्यारं. ती सुप्रारोस्ट्रल आणि इन्फ्रारोस्ट्रल यांच्यावर बसलेली असतात, किंबहुना या दोन कूर्चांचं कामच ती चोच पेलणं हे आहे. संचात रंग दोनच, त्यामुळे चोच गायब. ३६ आणि ४० पाहणाऱ्याला वाटतं की बेडूकमासा नुसत्या कूर्चेने अन्न चावतो. ४२ च्या सुमाराला ही चोच गळून पडते, म्हणजे कवटीच्या सगळ्या उलथापालथीची ती बाहेरून दिसणारी सूचना आहे. एक तिसरा, काळा रंग एवढ्याने हे साधलं असतं. मी तूर्त काळ्या मेणाने दोन्ही कडा करून लावल्या आहेत.

दुसरी उणीव प्रमाणाची. बेडकाच्या पहिल्या सहा कवट्या दहापट मोठ्या केल्या आहेत, प्रौढाची त्याहून खूप कमी, आणि कोकीच्या पिल्लाची बरीच जास्त. बैठकीवर मात्र टप्प्याचा आकडा आहे, पट लिहिलेली नाही. कोकीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा सगळं मिळून काही मिलिमीटरांचं असतं. ते ४६ क्रमांकाच्या बेडकाएवढ्या कवटीचं दिसलं की विद्यार्थ्याच्या मनात चुकीचं चित्र पक्कं होतं.

तिसरी उणीव माझ्या वर्गातल्या एका मुलाने शोधली. त्याची दृष्टी फार अधू आहे, ग्लिसरीनमधले नमुने त्याला कधीच दिसले नव्हते. या कवट्या तो दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंवरून एकाच वेळी बोटं फिरवत वाचतो. ४३ वर त्याचे दोन्ही अंगठे थांबले आणि तो म्हणाला, "मॅडम, इकडे जो बारीक उंचवटा आहे तोच तिकडेही आहे, अगदी त्याच जागी." मी भिंगाखाली पाहिलं. खरंच होतं. एकाच बाजूचं रेखाटन करून दुसरी बाजू आरशासारखी उलटवलेली होती. खरा प्राणी असा काटेकोर सममित कधी नसतो, आणि शिकवताना त्याने फारसं बिघडत नसलं तरी पुस्तिकेत ते सांगायला हवं होतं. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की डोळ्यांनी पाहणाऱ्या आम्हा सगळ्यांतून ते निसटलं होतं.

पुस्तिकेबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. तिचा पहिला अर्धा भाग चांगला आहे. अवटू ग्रंथीच्या (थायरॉइडच्या) संप्रेरकाचं काम नेमकं मांडलं आहे: १९१२ साली गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली आणि ते वेळेआधीच बेडूक होऊ लागले, तिथपासून सुरुवात करून वेगवेगळी ऊतकं संप्रेरकाच्या वेगवेगळ्या पातळीला जागी होतात हे समजावलं आहे. पाय आधी का, शेपटी शेवटी का, याचं उत्तर त्यात मिळतं. कवटीच्या बाबतीतही एकच संप्रेरक एका कूर्चेला विरघळायला, दुसरीला वाढायला आणि शेजारच्या जागेला हाड घडवायला सांगतं. हे वाक्य मी वर्गात जसंच्या तसं वापरते.

दुसऱ्या भागात मात्र सांगितलं आहे की आधी मासा, मग सॅलॅमँडरचं डिंभ, मग बेडूकमासा, शेवटी बेडूक, अशा क्रमाने कवट्या मांडल्या की उत्क्रांतीची वाट दिसते. हे चूक आहे, आणि रूपांतरणाबद्दल सामान्यपणे जो गैरसमज असतो त्याला यातून बळ मिळतं. बेडूकमासा माशासारखा पोहतो म्हणून तो बेडकाचा पूर्वज होत नाही. सुप्रारोस्ट्रलवर बसलेली चोच, थुंतरीपाशी आलेला सांधा, पाणी उपसणारी ती रुंद सेरॅटोहायल, हे साहित्य कुठल्या माशाकडून वारशाने मिळालेलं नाही. ते बेडकांच्या वंशात नव्याने घडलेलं आहे. दोन अवस्थांपैकी नवलाची, जुन्या आराखड्यापासून जास्त दूर गेलेली अवस्था पाण्यातली आहे.

जुना आराखडा पाहायचा तर सॅलॅमँडरचं डिंभ पाहावं, आणि म्हणूनच त्या दोन कवट्या वेगळ्या मांडायला हव्यात. ते डिंभ लहानपणापासून शिकारी असतं. त्याच्या जबड्यांत आणि टाळूत दात असलेली हाडं फार लवकर बनतात. खालच्या जबड्यात कोरोनॉइड नावाचं दातवालं हाड असतं, जे रूपांतरणात नाहीसं होतं. मॅक्सिला उशिरा येते, टाळूतलं हाड मोडून नव्याने रचलं जातं, कल्ल्यांचा सांगाडा आखडतो. बदल आहेत, पण सांध्याची अशी पळापळ नाही. संचातली ही जोडी सुंदर आहे. डिंभाच्या कवटीत मॅक्सिलेच्या जागी सोडलेली पोकळी आणि मोठ्या कवटीत ती भरलेली, एवढं शेजारी ठेवलं तरी तासभर बोलता येतं.

जीवाश्मही हेच सांगतात. सुमारे २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळात ब्रँकिओसॉर नावाच्या लहान उभयचरांचे पुष्कळ अवशेष सापडतात, बाहेर आलेल्या कल्ल्यांसकट, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यातल्या अ‍ॅपॅटिऑन या प्रजातीत कवटीची हाडं ज्या क्रमाने बनत गेली तो क्रम आजच्या सॅलॅमँडरशी बराच जुळतो हे २००३ साली दाखवलं गेलं. त्यावरून लगेच नातं ठरवू नये, तो क्रम दोघांकडे आणखी जुन्या पूर्वजाकडून आलेला असू शकतो. पण एक गोष्ट दिसते: त्या काळच्या अनेक मोठ्या उभयचरांत पाण्यातल्या शरीराचं जमिनीवरच्या शरीरात होणारं रूपांतर आयुष्याच्या लांब पट्ट्यावर हळूहळू पसरलेलं होतं. बेडकांत तेच काही दिवसांत कोंबलं गेलं. कवटीच्या रूपांतराची उत्क्रांती म्हणजे बदल वाढत जाणं तर आहेच, शिवाय ते बदल वेळेत दाटत जाणंही आहे. पुस्तिकेत हा मुद्दा एका ओळीतही नाही.

बेडूकमाशाचं वेगळं डोकं किती जुनं, याचा एक थेट पुरावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. अर्जेंटिनातल्या पाटागोनियात सुमारे १६.१ कोटी वर्षांपूर्वीचा, नोटोबॅट्राकस या बेडकाचा, सुमारे १६ सेंटिमीटर लांब बेडूकमासा सापडला. त्यात कल्ल्यांच्या सांगाड्याचे भागसुद्धा टिकले होते आणि तो पाणी गाळून खात असावा असं त्यावरून दिसलं. जुरासिक काळातच हा धंदा बसलेला होता. नव्या आवृत्तीत हा बेडूकमासा पुस्तिकेच्या पहिल्या पानावर यावा अशी माझी इच्छा आहे.

कोकीची कवटी ही संचातली माझी सर्वांत लाडकी. या बेडकाला पाण्यातली अवस्था नाही. जमिनीवरच्या अंड्यातून थेट छोटा बेडूक निघतो. मग त्याच्या कवटीचं रूपांतर गेलं कुठे? भ्रूणात सुप्रारोस्ट्रल बनतच नाही. जबड्याची कूर्चा पहिल्यांदा दिसते तीच अर्ध्या वाटेवर, म्हणजे आपल्या टेबलावरच्या मधल्या कवट्यांच्या जवळच्या ठेवणीत. हाडं बनण्याचा क्रमही बदललेला असतो. तरीही अवटू ग्रंथीचं संप्रेरक रोखलं तर कोकीचा भ्रूण पुढे बदलत नाही, हे २००० साली प्रयोगाने दाखवलं गेलं. रूपांतरण टाकून दिलेलं नाही, ते अंड्याच्या आत गेलं आणि त्याची सुरुवातीची पानं गळाली. म्हणून ही प्रतिकृती मी शेवटी न ठेवता ४४ आणि ४६ यांच्या मध्ये, थोडी बाजूला ठेवते. खरं तर इथे पिल्लाऐवजी भ्रूणाची कवटी द्यायला हवी होती. पिल्लात सगळं आवरून झालेलं असतं आणि ही गंमत तोंडी सांगावी लागते.

याची उलट बाजू संचात नाहीच. नेक्ट्यूरससारखे सॅलॅमँडर आयुष्यभर कल्ले बाळगतात, त्याच शरीराने प्रजनन करतात, आणि त्यांच्या कवटीत मॅक्सिला कधीच येत नाही. म्हणजे काही वंशांनी डिंभाचं पान फाडलं, काहींनी प्रौढाचं. बेडकांत दुसरा प्रकार कुठेही आढळत नाही. बेडूकमाशाच्या अवस्थेत प्रजनन करणारी एकही जात ठाऊक नाही. नेक्ट्यूरसची एक कवटी असती तर हा सगळा पट एका टेबलावर मांडता आला असता. देवगांडुळाची कवटी त्यामानाने उपरी वाटते. छपाई उत्तम आहे, मागची अनेक हाडं एकजीव होऊन झालेला तो घट्ट पेटीसारखा भाग स्पष्ट आहे, माती भेदणारं डोकं म्हणून ती पटते. पण तिच्यासोबत डिंभ नाही, त्यामुळे रूपांतरणाच्या संचात ती एकटी पडते.

हा विषय शिकवताना मुलं हमखास विचारतात की एकाच प्राण्याला दोन डोकी घडवावी लागत असतील तर एकाची दुसऱ्याला अडचण होत नाही का. अलीकडे याचं मोजमाप झालं आहे. २०२१ साली बेडकांच्या सर्व हयात कुळांतल्या मिळून १७३ जातींच्या कवट्या १५ भागांत विभागून तपासल्या गेल्या. उशिरा हाड बनणाऱ्या भागांत सर्वांत जास्त विविधता दिसली आणि त्यांची उत्क्रांतीही सर्वांत वेगाने झालेली दिसली. आणि ज्यांच्यात खाणारं डिंभ उरलेलं नाही, त्या बेडकांच्या कवट्या अधिक वेगाने बदलत गेल्या आहेत. म्हणजे अडचण होते. बेडूकमाशाने पोट भरलं पाहिजे ही अट प्रौढाच्या कवटीवरही वजन टाकते. अर्थात कवटीचा आकार ठरवण्यात प्राण्याची एकूण मोठाई आणि तो राहतो कुठे यांचा हात आणखी मोठा आहे, हेही त्याच अभ्यासात आलं. हे वाचून संचाकडे परत यावं. ४० क्रमांकावर जे तीन भाग आधीच लाल आहेत आणि ४६ वरही जे अजून निळे आहेत, त्यांवर बोट ठेवून हा निष्कर्ष समजावता येतो. पुस्तकातल्या आलेखाने हे काम मला कधी साधलं नव्हतं.

वापराच्या दोन-चार गोष्टी. रंग पक्का आहे, ओल्या फडक्याने पुसला तरी जात नाही. चुंबक मात्र कमजोर आहेत. खालचा जबडा उचलताना निसटतो, म्हणून कवटी नेहमी बैठकीसकट द्यावी. पेटीतल्या फेसाच्या खाचा छान नेमक्या कापल्या आहेत, पण ४३ आणि ४४ यांच्या खाचा सारख्याच आहेत, त्यामुळे त्या अदलाबदल होतात. बैठकीवरचा आकडा पाहूनच ठेवाव्यात. बैठकीच्या तळाशी पट किती ते स्वतः लिहून चिकटवावं. सॅलॅमँडरसाठी वेगळ्या रंगाचं कापड अंथरावं, म्हणजे तो बेडकाचा आधीचा टप्पा वाटत नाही. आणि मागणी नोंदवतानाच प्रौढ बेडकाच्या जिभेखालच्या चौकटीची एक जादा प्रत मागून घ्यावी. तिचे पुढचे दांडे खऱ्या बेडकात असतात तितकेच बारीक ठेवले आहेत, आणि मुलांच्या हातात ते मोडतात. निर्माते ती वेगळी छापून देतात.